परक्या शब्दांचे आप्त

दिवाळीच्या सुटीत, शिवारात कापसाचा पहिला वेचा आटोपून दुसऱ्याची लगबग चालू असताना, घाटंजी तालुक्यातील एका खेड्यातून बारावीत शिकणारी एक मुलगी माझ्याकडे आली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे सर्वत्र एनडीए या नावाने ओळखली जाणारी, एप्रिलमधील प्रवेशपरीक्षा तिला द्यावयाची होती, आणि तीतील इंग्रजीच्या भागाने तिला चिंतेत टाकले होते. पिशवीतून तिने एक दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक पानावर मधोमध एक उभी रेघ, डाव्या अंगाला इंग्रजी शब्द, उजव्या अंगाला त्याचा मराठी अर्थ, आणि समासात अनुक्रमांक. तो अनुक्रमांक अकराशेच्या पुढे गेला होता. वही चाळताना माझे लक्ष अक्षराकडे न जाता कागदाकडे गेले. ‘ए’ आणि ‘बी’ या अक्षरांची पाने वारंवार उलटून कोपऱ्यांना मऊ आणि मळकट झाली होती. ‘डी’च्या पुढची पाने मात्र दुकानातून आणल्या दिवशी असावीत तशी ताठ आणि पांढरीशुभ्र होती. प्रत्येक वेळी विसरले म्हणून ती पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करी, आणि प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी थकून थांबे. “पाठ तं होते सर, पण राह्यत नाही,” असे ती म्हणाली, तेव्हा तिच्या स्वरात आळशी विद्यार्थ्याची सबब नव्हती, कष्ट करून हाती काही न लागलेल्या माणसाचा खेद होता.

हे गाऱ्हाणे तिचे एकटीचे नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत, वणीपासून उमरखेडपर्यंत, अभ्यासिकांच्या लांबट टेबलांवर अशाच वह्या उघडलेल्या दिसतात. केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी २०२२ पासून सामाईक परीक्षा सुरू झाली. विधी शाखेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राज्याची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा आहे, राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील हुकुमानंतर एनडीएचे दारही मुलींना उघडले आहे. या शेवटच्या परीक्षेत सामान्य क्षमतेची जी ६०० गुणांची प्रश्नपत्रिका असते, तिच्यातील २०० गुण एकट्या इंग्रजीचे असतात, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश गुण वजा होतात. तेव्हा शब्द ठाऊक असणे हा येथे अलंकार नसून भांडवल आहे, आणि अर्धवट ठाऊक असणे हे तर कर्जच आहे.

परंतु ही परीक्षा नेमके काय विचारते, हे त्या वहीला ठाऊक नव्हते. समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न आजही असतात हे खरे. तथापि तेथेही शब्द बहुधा एखाद्या वाक्यात बसवून दिलेला असतो, आणि क्लॅटने तर २०२० पासून सुट्या शब्दांचे प्रश्न जवळजवळ सोडून देऊन दीर्घ उताऱ्यांवरच सारा भर दिला आहे. ‘सँक्शन’ या शब्दापुढे त्या वहीत ‘मंजुरी’ एवढेच लिहिलेले होते. शासनाने पुलाला ‘सँक्शन’ दिली या वाक्यात तो अर्थ चालेल. पण एका राष्ट्राने दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादल्या असे वाचताच वहीतील अर्थ उलटा पडतो, कारण तेथे त्याचा अर्थ निर्बंध किंवा शिक्षा असा आहे. मी तिला विचारले, ‘उतारा’ म्हणजे काय? क्षणभरही न थांबता तिने सांगितले की तलाठ्याकडून आणतात तो सातबाराचा उतारा, विंचू चावल्यावर देतात तो उतारा, आणि पुस्तकातला वाचायला देतात तोही उतारा. या तिन्ही अर्थांची यादी तिने कधी पाठ केली नव्हती आणि त्यांची गल्लतही ती कधी करणार नव्हती. ज्या मुलीला एका मराठी शब्दाचे तीन अर्थ तीन प्रसंगांवरून आपोआप कळतात, तिची स्मरणशक्ती अधू असू शकत नाही. अधू आहे ती शब्द शिकण्याची रीत.

या रीतीचा विचार करताना मला नेहमी आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या बोलण्याकडे पाहावेसे वाटते. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांतास जोडला गेला आणि १९०५ मध्ये पूर्वीच्या वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. राज्ये बदलली, अंमलदार बदलले, पण दफ्तरातील फारसी-अरबी शब्द जनतेच्या तोंडी कायम राहिले. ज्याने फारसीचे अक्षरही पाहिलेले नाही असा शेतकरी वारस, जप्ती, मुदत, वसुली, दाखला, पंचनामा, मुखत्यारपत्र हे शब्द अचूक योजतो. मुदत संपणे आणि मुदत वाढवून घेणे यांतील भेद त्याला इतका पक्का कळतो की सावकाराला किंवा बँकेला त्याबाबत त्याची फसवणूक करता येऊ नये. हे शब्द त्याला कोणी यादी करून शिकवले नाहीत. प्रत्येक शब्द त्याच्याकडे एखाद्या प्रसंगाच्या सोबतीने आला, आपल्या शेजारच्या शब्दांसह आला, आणि वारंवार आला. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, ते कार्य थोरच होय. तरीही ‘वसुली’ आणि ‘मुदत’ हे शब्द आजतागायत टिकून राहिले, यावरून एवढेच सिद्ध होते की कोश शब्द सुचवतो, परंतु त्याला रुजवतो तो व्यवहार.

तर मग इंग्रजी शब्दाचा आणि वऱ्हाडातील मुलीचा व्यवहार कोठून सुरू व्हावा? माझे उत्तर असे की तो तिच्या स्वतःच्या भाषेपासून सुरू व्हावा. कारण ज्या शब्दांना ती परके समजते त्यांतील पुष्कळसे तिच्या भाषेचे दूरचे आप्त आहेत. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी असे प्रतिपादन केले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतील साम्य योगायोगाचे मानता येण्यासारखे नसून त्यांचा उगम एकाच मूळ भाषेत असला पाहिजे. पुढील शतकातील भाषाशास्त्राने हे मत दृढ केले. इंग्रजीतील कठीण म्हणून गाजलेले शब्द बहुतांशी लॅटिन आणि ग्रीक धातूंवर उभारलेले आहेत, आणि मराठीतील भारदस्त शब्द संस्कृत धातूंवर. म्हणजे जो शब्द जितका विद्वत्तेचा, तितका तो आपल्या तत्सम शब्दांच्या अधिक जवळचा, हा विलक्षण योग मराठी विद्यार्थ्याच्या बाजूचा आहे.

आपला जिल्हा कापसाचा, म्हणून उदाहरणही वस्त्राचेच घेऊ. लॅटिनमध्ये विणण्याला ‘टेक्सेरे’ असे क्रियापद आहे. त्यावरून विणलेले कापड ते ‘टेक्स्टाइल’, कापडाचा पोत तो ‘टेक्स्चर’, आणि शब्दांची वीण ती ‘टेक्स्ट’; एखाद्या शब्दाच्या भोवती जी वीण असते, ज्यातून तो उसवून काढला तर त्याचा अर्थ सैल होतो, ती ‘कॉन्टेक्स्ट’. अतिशय सूक्ष्म, चटकन न जाणवणारे, या अर्थाचा ‘सटल’ हा शब्दही मुळात मागावरील ताण्याच्या खालून जाणाऱ्या तलम धाग्यापासून आला असे व्युत्पत्तिकार मानतात. लॅटिनमध्ये वस्त्राला ‘व्हेस्टिस’ म्हणतात, आणि आपला ‘वस्त्र’ शब्द त्याचा सख्खा नातलग आहे. हे नाते एकदा ध्यानात आले, की पुढचे तीन शब्द सोपे होतात: ‘डायव्हेस्ट’ म्हणजे अंगावरचे उतरवणे, यावरून अधिकार किंवा मालकी काढून घेणे. ‘इन्व्हेस्ट’ म्हणजे अधिकाराची वस्त्रे चढवणे, आणि पुढे पैशाला नवे रूप देणे म्हणून गुंतवणूक. ‘ट्रॅव्हेस्टी’ म्हणजे वेष पालटून केलेले सोंग, म्हणून विडंबन. ही तीन वेगवेगळ्या पानांवरची तीन ओझी न राहता एकाच धाग्यात ओवली जातात. कृश या अर्थाचा आपला ‘तनु’ शब्द आणि इंग्रजीतील ‘टेन्युअस’ हे एकाच घराण्यातले: ज्या युक्तिवादाचा धागा तुटू पाहतो इतका बारीक झाला आहे तो ‘टेन्युअस’, आणि बारीक करणे, क्षीण करणे ते ‘अटेन्युएट’. आपली ‘श्रद्धा’ आणि लॅटिनमधील ‘क्रेडो’ या बहिणी आहेत. तेव्हा ‘क्रेडन्स’ म्हणजे विश्वास, ‘क्रेड्युलस’ म्हणजे कशावरही विश्वास ठेवणारा भोळा, आणि ‘इन्क्रेड्युलस’ म्हणजे ज्याचा विश्वास बसत नाही तो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

याहूनही मोलाची गोष्ट अशी की शब्द घडवण्याचे जे यंत्र इंग्रजीने लॅटिनकडून घेतले, तेच यंत्र संस्कृताच्या द्वारा आपल्या घरात शतकानुशतके चालू आहे. ‘हृ’ हा एकच धातू. परंतु उपसर्ग बदलला की आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, परिहार असे परस्परांहून सर्वस्वी निराळे शब्द तयार होतात, हे शाळेत संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. लॅटिनमध्ये ‘फेर’ हा असाच वाहून नेण्याच्या अर्थाचा धातू आहे, आणि तो आपल्या ‘भार’, ‘भरण’ यांतील ‘भृ’ धातूचा भाऊ आहे. पलीकडे नेणे ते ‘ट्रान्सफर’. ज्ञातावरून अज्ञाताकडे बुद्धी नेणे, म्हणजे अनुमान काढणे, ते ‘इन्फर’. आणि ‘वाच्’ची बहीण जी ‘व्होक्स’ तिला या धातूची जोड मिळून झालेला ‘व्होसिफरस’ म्हणजे आवाज दूरवर वाहून नेणारा, आरडाओरडा करणारा. उपसर्गांतही हेच नाते आढळते: आपला ‘प्र’ आणि तिकडचा ‘प्रो’, ‘परि’ आणि ‘पेरी’, ‘अंतर्’ आणि ‘इंटर’, ‘उपरि’ आणि ‘हायपर’, ‘दुस्’ आणि ग्रीक ‘डिस’, ‘सु’ आणि ग्रीक ‘यू’. या शेवटच्या उपसर्गाने सुरू होणारा ‘युफेमिझम’ हा शब्द मी त्या मुलीला समजावून सांगू लागलो, तेव्हा व्याख्या करण्याची गरजच पडली नाही. आपण नारळ फोडला असे न म्हणता वाढवला म्हणतो, बांगडी फुटली असे न म्हणता वाढवली म्हणतो, दुकान बंद केले असे न म्हणता वाढवले म्हणतो. अशुभाला शुभ शब्दांत गुंडाळण्याची ही जी आपली जुनी रीत, तिलाच इंग्रजीत ‘युफेमिझम’ म्हणतात.

शब्दाची अशी फोड करण्याला मी माझ्या विद्यार्थ्यांपुढे जिनिंगची उपमा देत असतो. जिनिंगमध्ये कापूस घातला की रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे होते. दोन्हींची किंमत वेगळी, दोन्हींचा उपयोग वेगळा, आणि सरकीतूनच पुढचे पीक येते. शब्दातील धातू हीच ती सरकी होय. विशेष म्हणजे ज्या ‘जिन’ शब्दावरून आपण ‘जिनिंग’ म्हणतो, तो ‘एंजिन’चा संक्षेप, ‘एंजिन’ हा लॅटिन ‘इंजेनियम’ म्हणजे जन्मजात बुद्धी या शब्दावरून आलेला, आणि त्यातील ‘जेन’ हा आपल्या ‘जन्’ धातूचा, म्हणजे जन्म, जनन, जनता यांचा, सगोत्र आहे. परीक्षकांच्या आवडीची एक जोडी याच कुळातली आहे. ‘इंजीनियस’ म्हणजे उपजत बुद्धीचा, कल्पक. आणि ‘इंजेन्युअस’ म्हणजे जन्मला तसाच राहिलेला, निष्कपट. दोन्हींत जन्माचाच संबंध आहे हे कळले म्हणजे एकात बुद्धी आणि दुसऱ्यात निरागसता, एवढाच भेद लक्षात ठेवावा लागतो.

मात्र या रीतीलाही मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणे हा विद्यार्थ्यांवर अन्याय होईल. व्युत्पत्ती ही शब्दाची वंशावळ आहे, त्याचा आजचा पत्ता नव्हे. ‘इन’ हा उपसर्ग पुष्कळदा नकार दाखवतो, म्हणून ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे असे कोणी समजेल तर तो अनर्थ होईल. तेथे ‘इन’चा अर्थ ‘आत’ असा असून तो शब्द चटकन पेट घेणाऱ्या पदार्थाचा आहे. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, तर ज्याचे मोल करता येत नाही असे. पण या फसव्या वाटेवरही आपली भाषा आधी जाऊन आलेली आहे. यवतमाळच्या अमोलकचंद महाविद्यालयाचे नाव जिल्ह्यातील प्रत्येक विद्यार्थी घेतो. त्यातील ‘अमोलक’ या शब्दात ‘अ’ नकाराचा असूनही अर्थ बिनमोलाचा असा न होता मोलापलीकडचा असा होतो. संस्कृतातील ‘अनुत्तम’ शब्दही वाईटाचा वाचक नसून ज्याहून उत्तम काही नाही अशा वस्तूचा वाचक आहे. तेव्हा धातूवरून अर्थाचा तर्क करावा, पण त्या तर्कावर वाक्याची साक्ष घेतल्यावाचून शिक्का मारू नये.

वाक्याची साक्ष घेण्याचे दुसरे कारण शब्दाच्या छटेत आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तेथील दरबाराची भाषा फ्रेंच झाली, विद्येची भाषा लॅटिन होतीच, आणि शेतकऱ्याची भाषा जुनी इंग्रजी राहिली. यामुळे इंग्रजीत एकाच अर्थाचे शब्द तीन तीन थरांत सापडतात. साधे विचारणे ते ‘आस्क’, काहीशा औपचारिक किंवा शंकेच्या सुरात विचारणे ते ‘क्वेश्चन’, आणि पोलिसांनी बसवून घेऊन विचारणे ते ‘इंटरॉगेट’. मराठीचेही असेच तीन थर आहेत: घरात आपण विचारतो, सभेत पृच्छा करतो, आणि ठाण्यात जाबजबाब होतात. ज्या मुलीला पृच्छा आणि जाबजबाब यांतील अंतर कळते, तिला इंग्रजीतील अंतर कळणे अवघड नाही. फक्त ते तसे जोडून दाखवणारा कोणी तरी हवा. ‘स्लेंडर’ म्हणजे बारीक आणि ‘स्किनी’ म्हणजेही बारीक असे वहीत लिहिले की परीक्षेत गफलत ठरलेली. पण पहिल्यापुढे ‘सडपातळ’ आणि दुसऱ्यापुढे ‘किडकिडीत’ लिहिले की वराकडच्या मंडळींपुढे मुलीचे वर्णन करताना कोणता शब्द योजावा हे जसे आजी सांगू शकते, तसे तीही सांगू शकेल. ‘फ्रूगल’ म्हणजे काटकसरी आणि ‘मायझरली’ म्हणजे चिक्कू. पैसा दोघेही जपून खर्च करतात, पण पहिल्याची स्तुती होते आणि दुसऱ्याची निंदा.

आता प्रश्न उरतो तो शब्दांच्या निवडीचा. इंग्रजी कोशांतील शब्दांची संख्या लाखांत मोजावी लागते, आणि त्या सागराकडे पाहून विद्यार्थी हबकून जातो. परंतु सर्वच शब्द सारख्या वारंवारतेने भेटत नाहीत, ही गोष्ट ज्यांनी शिक्षणाच्या उपयोगी आणली त्यांतील एक मायकेल वेस्ट हे अविभक्त बंगालमध्ये, ढाक्याला, शिक्षणखात्यात काम करीत होते. परकी भाषा शिकणाऱ्या बंगाली मुलांची अडचण डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी मोजक्या आणि वारंवार येणाऱ्या शब्दांवर आधारलेली वाचनमाला तयार केली, आणि १९५३ मध्ये सुमारे २००० शब्दांची सूची प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातील शंभरापैकी ऐंशीच्या आसपास शब्द या सूचीत सापडतात. त्यानंतर २००० मध्ये ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची, म्हणजे एका मूळ शब्दापासून फुटलेल्या शब्दांच्या गटांची, सूची केली; तसल्या लेखनातील आणखी सुमारे दहा टक्के शब्द तिच्यात येतात. वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोणाच्या मदतीवाचून सहज वाचता यावी यासाठी मात्र आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात, असा पॉल नेशन यांचा हिशेब आहे. यातून क्रम स्पष्ट होतो: आधी पाया, मग विद्यापीठीय शब्द, आणि त्यानंतर वाचनातून येतील तसे दुर्मीळ शब्द. त्या मुलीच्या वहीत मात्र अनुक्रम वर्णमालेचा होता. आणि वर्णमाला ही शब्द शोधण्याची सोय आहे, शिकण्याची नव्हे. आपल्या पूर्वजांनी अमरकोश पाठ केला तो वर्णानुक्रमाने नव्हे. त्यात देवांची नावे एकत्र, पाण्याची एकत्र, वनस्पतींची एकत्र अशी अर्थाच्या वर्गांनी शब्दांची मांडणी आहे. तीच बुद्धी येथेही चालवावी: अबोल, बडबड्या, मितभाषी, वाचाळ यांना इंग्रजीत काय म्हणतात ते एका पानावर असावे, राग, रोष, चीड, संताप दुसऱ्या पानावर.

विसरण्याबद्दल एवढे सांगितले पाहिजे की ते मनाचे वैगुण्य नसून मनाचा धर्म आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिले की पाठ केलेल्या मजकुराचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो, आणि उरलेला पुढे संथपणे झिजत जातो. परंतु ठरावीक अंतराने उजळणी केली तर प्रत्येक उजळणीनंतर झीज मंदावते. यावरच सेबास्टियन लाइट्नर यांनी १९७२ मध्ये खोक्यांची सोपी युक्ती सुचवली. शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहावेत; खोक्याचे पाच कप्पे करावेत; आज आठवला तो शब्द पुढच्या कप्प्यात जावा, विसरला तो पहिल्यात परत यावा; पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, आणि पुढचे कप्पे अधिकाधिक अंतराने तपासावेत. यामुळे जे येते त्यावर वेळ जात नाही आणि जे येत नाही ते लपून राहत नाही. चिठ्ठी उलटण्यापूर्वी अर्थ स्वतः आठवून पाहणे हे यातील मर्म आहे. नुसते पुन्हा पुन्हा वाचल्याने ओळख वाढते, स्मरण वाढत नाही. ज्या देशात वैदिकांनी पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी एकच मंत्र शब्दांची अदलाबदल करून पुन्हा पुन्हा म्हणण्याची पद्धत घालून सहस्रावधी वर्षे अक्षरही ढळू दिले नाही, त्या देशात हे तत्त्व नवे वाटण्याचे कारण नाही.

आणि शेवटी त्या गोष्टीकडे वळतो, जी माझ्या मनाला सर्वांत अधिक लागून राहिली आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. तरीही दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल अकरावीच्या विज्ञान शाखेत जाते, तेव्हा एकाएकी सारे विषय इंग्रजीतून समोर येतात आणि आपली भाषा हेच आपले व्यंग आहे असे त्याला वाटू लागते. हा समज दूर झाला पाहिजे. याच जिल्ह्यात, वणी येथे, १८८० मध्ये जन्मलेले लोकनायक बापूजी अणे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकून यवतमाळला वकिली करू लागले, इंग्रजीत चालणाऱ्या केंद्रीय विधिमंडळात त्यांनी काम केले, आणि त्यांनीच संस्कृतात ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हे महाकाव्य रचले, ज्याला त्यांच्या पश्चात साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका भाषेतील प्रावीण्य दुसरीच्या आड येते असे त्यांच्या चरित्रावरून मुळीच दिसत नाही. केळापूर, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांतील कोलामांचे मूल घरी द्राविड कुळातील कोलामी बोलते, शाळेत मराठी, आणि सीमेलगतच्या बाजारात तेलुगूही त्याच्या कानी पडते; पुसदकडील बंजारा मुलाची घरची गोरमाटी वेगळी. ही मुले इंग्रजीकडे तिसरी किंवा चौथी भाषा म्हणून येतात, म्हणजे परक्या शब्दाला आपलासा करण्याचा संस्कार त्यांना आधीच घडलेला असतो. त्यांना दरिद्री समजणारा शिक्षक त्यांची तिजोरी न उघडताच त्यांच्या दारिद्र्याचा पंचनामा करतो.

त्या मुलीला मी नवी वही करायला सांगितली, जिच्यात प्रत्येक शब्द एका वाक्यासह यावा, त्याचे आप्त त्याच्या शेजारी यावेत, आणि मराठी अर्थ लिहिताना कोशातला पहिला शब्द न घेता आपल्या घरात तो प्रसंग आला तर आजोबा काय म्हणतील ते लिहावे. रोज दहाच शब्द, पण वाचनात भेटलेले. पौषात ती पुन्हा आली, तेव्हा तिच्या वहीचे सत्तेचाळिसावे पान चालू होते आणि पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत सर्व पाने सारखीच हाताळलेली दिसत होती. त्या पानावर ‘प्रीटेक्स्ट’ हा शब्द होता. तो तिला एका उताऱ्यात भेटला होता आणि तोवर तिने कोश उघडला नव्हता. “टेक्स्ट म्हणजे विणणं, प्री म्हणजे पुढं,” ती म्हणाली, “म्हणजे पुढं पडदा विणला अन् मागं वेगळंच काम केलं. असंच ना सर?” मी होकार दिला आणि मराठीत काय लिहिलेस ते विचारले. तिने वही माझ्याकडे फिरवली. तेथे तिने ‘निमित्त’ लिहून खोडले होते, आणि त्याच्यापुढे ठसठशीत अक्षरांत आपल्या आजोबांचा शब्द लिहिला होता: ‘सबब’.